आधी वही, मग शटर

पुण्यातल्या धायरीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"सहा वर्षांपूर्वी दोन मशीनवर गणवेश शिवायला सुरुवात केली. आज चार कारागीर आणि एक मदतनीस मुलगी आहे. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एका कंपनीला मी गणवेश देते. त्यांच्याकडे माझे ३ लाख ४० हजार रुपये सात महिने अडकले आहेत. तेच माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणून फोन करायला धीर होत नाही. दुसरीकडे सोलापूरचा माल माझ्यापेक्षा स्वस्त पडतो. घरी म्हणतात बंद कर आणि नोकरी बघ. सकाळी शटर वर करायला हात उचलत नाही. रोज मोबाइलवर प्रेरणा देणारे व्हिडिओ बघते, दुपारपर्यंत त्यांचा जोर ओसरतो. तुम्ही इतकी वर्षं छापखाना चालवलात. उमेद आणायची कुठून? माझ्यात मुळात धाडसच नसेल तर? आणि कारागिरांना काय सांगू?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही खर्च लिहिले आहेत. जागेचं भाडं १६,०००, बँकेचा हप्ता ११,५००, वीजबिल साधारण ४,५००, मदतनीस मुलीचा पगार १२,०००. कारागीर नगावर काम करतात. एका शर्टामागे कापड, दोरा, बटणं, शिलाई, इस्त्री सगळं वजा जाऊन ६० रुपये उरतात, हेही तुम्ही लिहिलं आहे. हे इतकं नेमकं माहीत असलेली बाई धंद्यात कच्ची नाही, हे आधी ऐकून घ्या. फक्त हे आकडे तुम्ही एकमेकांशेजारी मांडलेले नाहीत. मी मांडते.

महिन्याचा ठरलेला खर्च ४४,०००. कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाला जवळपास १,७०० रुपये. शर्टामागे ६० म्हणजे रोज २९ शर्ट. एवढे शिवून झाले की त्या दिवशी तुमचा कारखाना स्वतःचा भार स्वतः उचलतो. त्यात तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही, आणि तो धरलाच पाहिजे. १८,००० धरा. मग आकडा ४० शर्टांवर जातो. चार कारागिरांकडून ४० शर्ट होतात का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला वाटतं कटिंग वेळेवर हातात पडलं तर होतात.

हे दोन आकडे, २९ आणि ४०, कटिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवा. "माझा धंदा बुडतोय का?" हा प्रश्न रात्री अंथरुणात पडतो आणि त्याला तिथे उत्तर मिळत नाही. "आज किती झाले?" या प्रश्नाला संध्याकाळी सहा वाजता उत्तर मिळतं. ते उत्तर कधी वाईट असेल. तरी वाईट आकड्यावर काही करता येतं, नुसत्या धास्तीवर काहीच करता येत नाही. छापखान्यात मी हा हिशेब रोज मांडायची आणि ज्या महिन्यांत मांडायला सर्वात नको वाटायचं त्याच महिन्यांत त्याचा आधार झाला.

आता त्या ३ लाख ४० हजारांकडे येऊ. तुमच्या ४४,००० च्या हिशेबाने ही रक्कम म्हणजे पावणेआठ महिन्यांचा ठरलेला खर्च आहे. सकाळी हात का उचलत नाही, याचं उत्तर मला इथे दिसतं. तुम्ही आळशी झालेल्या नाहीत आणि तुमची शिवणाची आवडही गेलेली नाही. तुम्ही शिवलेल्या मालावर सात महिने दुसरं कुणी धंदा करतंय आणि त्याची धास्ती तुम्ही घेताय.

छापखान्यात आमचंही असंच चालायचं. कागद रोखीने किंवा महिन्याच्या उधारीवर आणायचा, शाई, प्लेटा, बाइंडिंगवाल्याची मजुरी वेळच्या वेळी द्यायची, आणि ज्याने पत्रकं छापून नेली तो मात्र "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा. पैसे मागायला जाताना माझ्या पोटात गोळा यायचा. वर्षं गेली तरी तो यायचाच. तुम्ही विचारता ते धाडस माझ्यात होतं का? गोळा येऊनही निघायची, एवढंच होतं. मी ज्यांना धंद्यात धीराचं समजते त्या बहुतेकांचं असंच आहे. भीती जायची वाट बघत कुणी बसलं नाही.

पण जाण्याचीही एक रीत असते आणि ती शिकता येते. मालकांना फोन करू नका. मालक गोड बोलतात, चहा विचारतात आणि "सांगतो अकाउंट्सला" म्हणतात. अकाउंट्स खात्यात जो माणूस प्रत्यक्ष बिलं लावतो त्याला भेटा. सकाळी जा, आठवड्याच्या मधल्या दिवशी. महिन्याचे पहिले चार दिवस टाळा, तेव्हा ते पगारात अडकलेले असतात. सोबत बिलांच्या प्रती आणि सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं घ्या. "पैसे कधी देणार?" असं विचारू नका. त्यावर "लवकरच" हे उत्तर ठरलेलं आहे. असं विचारा: "यातलं पहिलं बिल कुठल्या तारखेला आणि उरलेली कुठल्या?" ते जी तारीख सांगतील ती त्यांच्यासमोर वहीत लिहा आणि निघताना म्हणा, "मग त्या दिवशी अकराला येते." आणि त्या दिवशी अकराला खरंच जा. आवाज चढवायचा नाही, रडायचं नाही, घरच्या अडचणी सांगायच्या नाहीत. आपण उपकार मागत नाही, दिलेल्या मालाचे पैसे मागतो.

याच भेटीत अजून एक वाक्य बोलावं लागेल आणि ते सगळ्यात जड आहे: "जुन्यातलं निम्मं जमा झाल्याशिवाय मी नवीन कापड कापणार नाही." तुम्हाला वाटतं हे बोललं तर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जाईल. जाईलही. पण मोठं गिऱ्हाईक कशाला म्हणायचं? जो माल जास्त नेतो त्याला, की जो पैसे जास्त देतो त्याला? गेल्या सात महिन्यांत तुमच्या खात्यावर सर्वात जास्त पैसे कुणी भरले ते बँकेच्या पुस्तकात बघा. तिथे वेगळंच नाव दिसेल असा माझा अंदाज आहे. दोन लहान शाळा आणि एक दवाखाना वेळेवर पैसे देतात, असं तुम्हीच पत्रात ओझरतं लिहिलं आहे.

कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि ही गोष्ट फार कमी लघुउद्योजक वापरतात म्हणून जरा सविस्तर सांगते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत. करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नसेल तर माल मान्य केला असं धरलं जातं. म्हणजे सात महिन्यांनी "दोन शर्टांची शिलाई उसवली होती" हे कारण चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या 'बँक रेट' नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, ती थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेपुढे जाते, आणि पुणे विभागासाठी अशी परिषद आहे. यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, लागते. ती ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. तुमची नोंदणी त्या व्यवहाराच्या आधीची असेल तर बाजू भक्कम. नसेल तर आजच करा, पुढच्या बिलांना उपयोगी पडेल. नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.

आणि एक मुद्दा त्यांच्या अकाउंटंटला लगेच कळेल. २०२३ साली आयकर कायद्यात बदल झाला, व्यापारी त्याला "त्रेचाळीस बी एच" म्हणून ओळखतात. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच करता येतो. तुमचे ३ लाख ४० हजार ३१ मार्चला थकीत राहिले तर त्यांना तेवढ्या रकमेवर कर भरावा लागू शकतो. हे धमकीच्या सुरात सांगू नका. "तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या," एवढं म्हणा. तक्रारीचं पाऊल शेवटी उचलायचं, पण ते पाऊल आहे हे माहीत असलं की माणूस खुर्चीत ताठ बसतो. कागदपत्रं नीट लावायला मदत हवी असेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा.

पैसे येईपर्यंत कुणाला आधी द्यायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या डोक्यात तो असणारच. माझा क्रम सांगते. आधी कारागीर. मग कापडवाला. मग बँक, पण बँकेशी बोलून. हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत जा आणि परिस्थिती सांगा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक (एनपीए), म्हणजे थकीत कर्जाचं, ठरतं आणि मग अधिकाऱ्याच्या हातातही फारसं काही उरत नाही. त्याआधी हप्ते लांबवून मिळण्याची शक्यता असते. रविवार पेठेत कापडगंजात ज्यांच्याकडून कापड आणता, त्यांना तोंड चुकवू नका. "शनिवारी पाच हजार देते" म्हणा आणि शनिवारी पाच हजार द्या. पेठेत माणसाची पत मोठ्या रकमेवर ठरत नाही, बोललेल्या दिवशी आलेल्या रकमेवर ठरते. आमचा कागदवाला याच हिशेबावर आम्हाला वाईट काळातही रिमं देत राहिला.

आता उमेदीचं. ते व्हिडिओ बघून दुपारी काही उरत नाही, कारण त्यांत जिंकून झालेली माणसं बोलतात. त्यांचं शटर आज कुणी उघडायचं नसतं. तुम्हाला उद्या सकाळी काय हातात घ्यायचं, हे त्यात नसतं.

माझ्या सासऱ्यांचं सांगते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला धरणाची भिंत गेली आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. नारायण पेठेतला आमचा छापखाना बुडाला. तेव्हा खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छपाई व्हायची. शिशाचे खिळे, ते ठेवायच्या कप्प्यांच्या लाकडी केसी, कागद, शाई, सगळं गाळात. पाणी उतरल्यावर आत पाऊल ठेवलं तर केसींचे सांगाडे आणि चिखलात मिसळलेली अक्षरं. सासरे तेव्हा तिशीतले होते आणि छापखान्यावर कर्ज होतं. पुढे लग्न होऊन मी या घरात आले, धंद्यात बसायला लागले, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, एवढं बघून पुन्हा सुरू करायचा धीर कुठून आला? ते म्हणाले, धीराचा विचार करायला सवड नव्हती, एका शाळेची प्रगतिपुस्तकं छापून द्यायची होती. शाळेला ती हवीच होती. म्हणून त्यांनी आणि सासूबाईंनी बादल्या भरून खिळे धुवायला घेतले. आधी त्या कामाला लागतील तेवढेच खिळे. अख्खा छापखाना धुवायचा असं ठरवलं असतं तर हात लागला नसता, असं ते म्हणायचे. प्रगतिपुस्तकं गेली, त्याचे पैसे आले, त्यातून पुढच्या कामाचा कागद आला. गाळ मात्र पुढे कितीतरी दिवस निघत होता.

मी हे सांगते ते तुमचं दुःख लहान ठरवायला नव्हे. सासऱ्यांना काम आधी मिळालं आणि उमेद त्याच्या मागून आली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे आज पुरं करून देण्याजोगं एखादं काम असेलच. दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांचे कपडे म्हणा, शाळेतल्या दहा मुलांचे वाढीव मापाचे गणवेश म्हणा. रात्री घरी जाण्याआधी त्या कामाचं कटिंग टेबलावर काढून ठेवा, दोरा मशीनला ओवून ठेवा. सकाळी शटर उघडलं की विचार करावा लागू नये, हात आपोआप कामाला लागावा. दहा वाजेपर्यंत एक नग बांधून कपाटावर दिसला पाहिजे. मग हिशेबाची वही. मग तो फोन, जो करायला नको वाटतो. फोन सकाळीच करा. तो दुपारवर ढकलला की सबंध दिवस खातो.

आणि आठवड्याची सुट्टी घ्या. खरी सुट्टी, त्या दिवशी मोबाइलवर ऑर्डरी बघायच्या नाहीत. थकवा आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बाहेरून सारख्याच दिसतात. दोन दिवस नीट झोप झाल्यावर शटर उघडावंसं वाटलं तर तो थकवा होता. पण झोप, भूक दोन्ही आठवडेच्या आठवडे गेली असतील, कशातच जीव रमत नसेल, तर तो धंद्याचा प्रश्न समजून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सोलापूरबद्दल थोडक्यात. गणवेशांच्या धंद्यात सोलापूरचा जम मोठा आहे. हजारांनी नग काढणाऱ्यांशी तुम्ही चार मशीनवर भावात लढू शकणार नाही आणि लढूही नका. पण सोलापूरहून कुणी नऱ्ह्याच्या शाळेत येऊन मुलांची मापं घेत नाही. वीस नगांची ऑर्डर चार दिवसांत देत नाही. ऑगस्टमध्ये नवीन आलेल्या एका मुलीसाठी एकच फ्रॉक शिवून देत नाही. तुम्ही देता. मग त्याची किंमत घ्या. तुमच्या पत्रावरून दिसतं की मापं घ्यायला जाणं, फिटिंग बदलून देणं, घरपोच देणं हे सगळं तुम्ही फुकट करता आणि वर सोलापूरचा भावही लावता. शर्टामागे १५ रुपये वाढवा, मापं घेण्याचे वेगळे सांगा, आणि निम्मी रक्कम आधी घेतल्याशिवाय कापड आणायला जाऊ नका. "इतक्या वर्षांची ओळख आणि आधी पैसे मागता?" असं कुणी म्हणेल. "ओळख आहे म्हणूनच स्पष्ट सांगते, कापड मला रोखीने आणावं लागतं," म्हणा. काही जण जातील. १५ रुपये वाढले तर रोजचे २९ शर्ट २३ वर येतात, हे लक्षात ठेवा. थोडी गिऱ्हाइकं गेली तरी चालण्याइतकी ही जागा आहे.

घरचे म्हणतात बंद कर. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना तुमचा धंदा दिसत नाही, तुमचा चेहरा दिसतो. नवऱ्याला घेऊन एक संध्याकाळ बसा आणि हा सगळा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा, अडकलेल्या रकमेसकट. आणि एक तारीख ठरवा. माझ्या मते ती जूनअखेर असावी, कारण शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि गणवेशाचा खरा हंगाम त्याआधीचे तीन महिने असतो. हंगाम जाऊ देऊन मग निर्णय घेणं किंवा हंगामाच्या तोंडावर बंद करणं, दोन्ही चूक ठरेल. जूनअखेर रोजची सरासरी ४० च्या जवळ असेल, तर धंदा तुम्हाला पगार देतोय, चालू ठेवा. २९ च्याही खाली असेल, जुनी रक्कमही सुटली नसेल, तर मशीन चांगल्या भावात जातात तोवर विका, कारागिरांचा हिशेब पुरा करा आणि नोकरी बघा. त्यात कमीपणा मानू नका. सहा वर्षं चार घरांना काम देणं ही कुणी पुसून टाकू शकेल अशी गोष्ट नाही. आकडा अधेमधे आला तर मला पुन्हा लिहा, आकड्यांसकट. तेव्हा आपण बघू.

आता राहिले कारागीर. तुम्ही त्यांना काही सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलेलं आहे. कापडाचे तागे कमी येतात, तुम्ही फोन घ्यायला बाहेर जाता, हे मशीनवर बसलेल्या माणसाला सगळं दिसतं. न सांगण्याने ते दुसरीकडे काम शोधायला लागतात, आणि चांगला कारागीर एकदा गेला की हंगामात परत मिळत नाही. येत्या शनिवारी आठवड्याचा हिशेब चुकता करा, पैसे त्यांच्या हातात पडू द्या, आणि मग सांगा: एका कंपनीकडे मोठी रक्कम अडकली आहे, मी ती मागायला जातेय, तुमची मजुरी त्यावर अवलंबून ठेवलेली नाही, रोज चाळीस नग निघाले तर आपण तगतो. भिंतीवरचे दोन आकडे त्यांनाही समजावून सांगा. कटिंग वेळेवर मिळत नाही, अशी तक्रार कदाचित त्यांच्याकडूनच येईल. ती लिहून घ्या आणि सोमवारी सकाळी आधी ती सोडवा, कंपनीत मंगळवारी जा.